मुखपृष्ठावरील निःशब्द हास्य : शि. द. फडणीस यांचे जीवन व कार्य

मराठीत ‘कार्टून’ या शब्दाला ‘व्यंगचित्र’ हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. व्यंग म्हणजे वैगुण्य. ते हेरून त्यावर बोट ठेवणारे चित्र ते व्यंगचित्र, असा अर्थ या शब्दातून सहज निघतो. राजकीय चित्रांना तो शोभतो. परंतु ज्या चित्रात कोणाचेच वैगुण्य दाखविलेले नाही, कोणावर प्रहार नाही, ज्याखाली एक अक्षरही छापलेले नाही आणि तरीही जे पाहताच मनुष्य हसतो, त्या चित्राला हे नाव अपुरे पडते. अशा चित्राला हास्यचित्र म्हणणे अधिक सयुक्तिक होय. शिवराम दत्तात्रेय फडणीस यांची बहुतेक सर्व निर्मिती या दुसऱ्या प्रकारात मोडते. हा प्रकार त्यांच्या हातून का घडला, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात जितके आहे तितकेच ज्या नियतकालिकांसाठी त्यांनी काम केले त्यांच्या घडणीतही आहे; आणि मराठी वाङ्मयेतिहासाने या दुसऱ्या कारणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. हा सर्व भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्यात गेला. शालेय शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले. कोल्हापूर हे त्या काळी चित्रकला आणि चित्रपट या दोहोंचे जिवंत केंद्र होते. तेथे वाढणाऱ्या मुलाला चित्रकार होणे ही अशक्य कोटीतील गोष्ट वाटत नसे. याच नगरीत १९२७ साली जन्मलेले वसंत सरवटे पुढे फडणीस यांच्याइतक्याच योग्यतेचे, पण अगदी निराळ्या वळणाचे हास्यचित्रकार झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे फडणीस यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. हा तपशील गौण नाही. व्यावसायिक चित्रकलेचा विद्यार्थी प्रथम शिकतो ते हे की, चित्र छापले जाणार आहे, ते घाईत असलेला माणूस पाहणार आहे, आणि त्या माणसाने थांबावे अशी त्याची रचना असली पाहिजे. फडणीस यांच्या चित्रांतील स्वच्छ, अखंड रेषा, सपाट रंग आणि अनावश्यक वस्तूंचा संपूर्ण अभाव यांचे मूळ या शिक्षणात शोधावे लागते.

त्यांच्या आधी मराठीत हास्यचित्रे नव्हती असे नाही. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकातून अशी चित्रे येऊ लागली. ते स्वतःही कुंचला चालवीत. हरिश्चंद्र लचके यांचे नाव या पहिल्या पिढीत आदराने घेतले जाते. परंतु या काळातील पुष्कळशा चित्रांत विनोद चित्राखालच्या संवादात असे. दोन पात्रे समोरासमोर उभी आणि खाली दोन ओळी. त्या ओळी झाकल्या तर उरते ते केवळ दोन माणसांचे चित्र. दुसरीकडे, मासिकांच्या मुखपृष्ठावर दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या रम्य, सालंकृत स्त्रियांचे राज्य होते. हास्यचित्र आतल्या पानांत काळ्या शाईत आणि मुखपृष्ठ रंगीत व सुंदर, अशी ही वाटणी सर्वमान्य होती.

ही वाटणी मोडण्याचे श्रेय चित्रकाराइतकेच एका संपादकालाही दिले पाहिजे. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली ‘हंस’ मासिक काढले. ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही त्यांचीच नियतकालिके. १९५० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत त्यांनी तरुण फडणीसांची रंगीत हास्यचित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर छापली. आज हा निर्णय साधा वाटतो. त्या वेळी तो धंद्याच्या दृष्टीने धाडसाचा होता. कारण दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हेच त्याचे दुकान. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून पुस्तकविक्रेत्याच्या फळीवर मांडलेल्या अंकांतून ग्राहक कोणता उचलतो, हे बहुतांशी मुखपृष्ठावरच ठरत आले आहे. सुंदर स्त्रीच्या चित्राला खात्रीचा ग्राहक होता. हास्यचित्राला तो आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हते.

‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरील एक चित्र या दृष्टीने अभ्यासनीय आहे. बससाठी थांबलेला एक तरुण आणि एक तरुणी, एवढाच प्रसंग. तिच्या पातळावर उंदरांची नक्षी आहे, त्याच्या सदऱ्यावर मांजरांची. दोन्ही पात्रे स्वस्थ उभी. आपल्या अंगावर कोणते नाट्य चालले आहे याची त्यांना वार्ताही नाही. पाहणाऱ्याला मात्र एका क्षणात दोन गोष्टी कळतात: कापडावरची मांजरे आणि उंदीर यांचे पुरातन नाते, आणि त्या तरुण-तरुणीमधील अजून न बोललेले नाते. पहिले नाते दुसऱ्यावर भाष्य करते. ते भाष्य मिश्किल आहे, पण ग्राम्य नाही. १९५० च्या दशकातील मध्यमवर्गीय मराठी घरात तरुण-तरुणींच्या आकर्षणाविषयी मोकळेपणाने बोलण्याची सोय फारशी नव्हती. चित्राने ते शब्दांवाचून सांगितले आणि घरातील आजोबांपासून नातवापर्यंत कोणालाही अंक लपवावा लागला नाही. येथे संवाद घातला असता तर चित्र तत्क्षणी थिल्लर झाले असते.

मुखपृष्ठ हे स्थानच शब्दांना प्रतिकूल असते. नियतकालिकाचे नाव, वर्ष, किंमत यांनी अगोदरच जागा व्यापलेली. त्यात संवादाच्या ओळी घातल्या तर दुरून त्या वाचल्याही जात नाहीत. म्हणून मुखपृष्ठावरचे हास्यचित्र निःशब्द होणे क्रमप्राप्त होते. शिवाय दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो. त्यावरील चित्राला मागचा भाग नाही, पुढचा भाग नाही. ‘क्रमशः’ म्हणण्याची सवलत नाही. जे सांगायचे ते एका चौकटीत, एकदाच. फडणीस यांची प्रतिभा या बंधनात फुलली.

या विधानाची कसोटी जपानच्या उदाहरणावर घेता येते. चित्रकथेच्या क्षेत्रात, ज्याला तेथे ‘मांगा’ म्हणतात, सर्वश्रेष्ठ गणले गेलेले तेझुका ओसामू यांचा जन्म १९२८ चा. म्हणजे ते फडणीस यांच्याहून तीन वर्षांनी लहान. ओसाका येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच त्यांची ‘शिन ताकाराजिमा’ ही चित्रकथा १९४७ साली प्रसिद्ध झाली. ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची कथा ‘शोनेन’ या मासिकात १९५२ ते १९६८ अशी सोळा वर्षे चालली. १९५९ साली तेथे मुलांसाठी दोन साप्ताहिके एकाच सुमारास निघाली आणि चित्रकथेचा वेग आणखी वाढला. दर महिन्याला, मग दर आठवड्याला वाचक पुढील भागाची वाट पाहतो. चित्रकाराला पात्रे वाढवावी लागतात, गती दाखवावी लागते, एका हालचालीच्या दहा चौकटी कराव्या लागतात. तेझुकांच्या चित्रांतील धाव ही साप्ताहिकाची धाव आहे. फडणीसांच्या चित्रांतील स्तब्धता ही वार्षिकाची स्तब्धता आहे. दोघेही युद्धोत्तर पिढीचे, दोघांच्याही मागे नव्याने वाचू लागलेला मोठा मध्यमवर्ग. वाहने निराळी म्हणून कलाही निराळी.

मराठी चित्रकाराला मालिका जमतच नव्हती, असा यावर आक्षेप येईल. तो टिकणार नाही. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, तेव्हा राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या चित्रकारांनी चौकटींची कथा समर्थपणे रेखाटली. पुढे १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला आणि रोजच्या तीनचार चौकटींत मराठी घर रमले. वाहन मिळाले तेव्हा प्रकार जन्माला आला. कर्तृत्व होतेच.

मुखपृष्ठाबाहेर पडून फडणीस यांनी आपल्या चित्रांसाठी आणखी दोन वाटा शोधल्या. १९६० च्या दशकापासून ‘हसरी गॅलरी’ या नावाने त्यांची प्रदर्शने भरू लागली. हास्यचित्राची मूळ प्रत भिंतीवर टांगून दाखवावी आणि लोकांनी ती कलाकृती म्हणून पाहावी, हा विचार तेव्हा नवा होता. ‘चित्रहास’ या कार्यक्रमातून त्यांनी प्रेक्षकांसमोर हास्यचित्राची उकल केली. निःशब्द चित्राला भाषांतर लागत नसल्यामुळे त्यांचा चाहता वर्ग मराठीच्या सीमेबाहेरही गेला. ‘रेषाटन’ हे त्यांचे आत्मकथन या सर्व प्रवासाचा मुख्य आधारग्रंथ आहे. त्यांच्या पत्नी शकुंतला फडणीस या स्वतः लेखिका. शब्दांचा संसार आणि निःशब्द चित्रांचा संसार एकाच घरात नांदला.

परंतु प्रसाराच्या दृष्टीने पाहता त्यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले काम प्रदर्शनातले नाही, मुखपृष्ठावरचेही नाही. १९७० च्या दशकात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. या कामाचा पल्ला ध्यानात येण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील देवळा हे ठिकाण घ्यावे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यातील हे कांद्याच्या व्यापाराचे गाव. स्वतंत्र तालुका म्हणून त्याची ओळख १९९९ पासूनची. मुंबईतील कलादालन येथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिवाळी अंक अशा गावी पोहोचे तो वाचनालयाच्या कपाटातून, आणि तोही वर्गणीदारांच्या हाती. गणिताचे पुस्तक मात्र जूनमध्ये शाळा उघडली की वाडीवस्तीवरच्या शाळेतही जात असे. ज्या घरात मासिक विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातल्या मुलाच्या दप्तरात फडणीस यांची रेषा होती. तिच्या धन्याचे नाव त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संख्या, मापे, कमी-अधिक या कल्पना नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला शब्दांनी समजावणे अवघड. ज्याने आयुष्यभर शब्दांवाचून सांगण्याचा अभ्यास केला तोच चित्रकार या कामास योग्य होता. मुखपृष्ठाची शिस्त अशा रीतीने वर्गात उपयोगी पडली. गणिताचे भय घालविण्यात हास्याचा किती वाटा असतो हे मोजणे कठीण आहे. तो असतो हे प्राथमिक शिक्षकांना सांगावे लागत नाही.

येथे संशोधकापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. ग्रंथालयांत नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती. मजकूर तेवढा जपण्याजोगा, वेष्टन नव्हे, ही त्यामागील समजूत. परिणामी १९५० च्या दशकातील एखाद्या मासिकातील कथा, तिचे पृष्ठांक आणि मुद्रणदोष आज सहज पाहता येतात. त्या अंकाने वाचकाचे स्वागत कोणत्या चित्राने केले, हे त्या खंडावरून कळत नाही. पाठ्यपुस्तकांची गत याहून वाईट. ती मुलांच्या हाती झिजतात, अभ्यासक्रम बदलला की रद्दीत जातात, आणि ग्रंथालय त्यांना ग्रंथ मानीत नाही. जपानमध्ये ताकाराझुका येथे १९९४ साली तेझुकांच्या नावाचे संग्रहालय उघडले. मराठीत फडणीस यांची निवडक चित्रे पुस्तकरूपाने एकत्र आली आहेत, ही भाग्याची गोष्ट. परंतु पुस्तकात आलेले चित्र अंकापासून सुटलेले असते: मथळा कोठे होता, किंमत कोणत्या कोपऱ्यात होती, चित्रकाराने कोणती जागा मोकळी सोडली होती, हे सर्व त्यात हरपते, आणि मुखपृष्ठाच्या बंधनातून ही कला घडली असे मानायचे तर नेमका तोच पुरावा हवा असतो.

२९ जुलै २०२५ रोजी फडणीस यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या पहिल्या मुखपृष्ठांचे अंक आता सत्तर वर्षांहून अधिक जुने आहेत. नाशिक जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांतील वाचनालयांत आणि जुन्या वर्गणीदारांच्या घरी न बांधलेले, म्हणून मुखपृष्ठासह टिकलेले सुटे अंक मिळण्याचा संभव मोठ्या ग्रंथालयांहून अधिक आहे. बांधणीचा खर्च ज्यांना परवडला नाही त्यांच्याकडेच ही चित्रे उरली असतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नोंदीचे काम तेथून सुरू करावे, आणि नोंद करताना लेखाच्या शीर्षकाआधी मुखपृष्ठ, चित्रकाराची सही व मुद्रणालयाचे नाव उतरवून घ्यावे.