लोकशाही रणगाड्यातून उतरते का?

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं आम्हाला विचारतात, "जालीम हुकूमशहाला बाहेरच्या फौजेनं हटवलं, तर बिघडलं काय?" प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सद्दाम हुसेननं १९८८ मध्ये हलब्जात विषारी वायू सोडून हजारो कुर्दांचा जीव घेतला. मरणारेही मुसलमानच होते. त्याचे गोडवे गाण्याचं आम्हाला कारण नाही.

पण पुढचा हिशेबही मांडायला हवा. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि तिच्या साथीदारांनी इराकवर हल्ला केला. ज्या महाविनाशक शस्त्रांचं कारण दिलं, ती सापडलीच नाहीत. मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. एकानं बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं, दुसऱ्यानं सैन्यच बरखास्त केलं. हजारो शिक्षक घरी बसले. त्यांतले कितीतरी जण केवळ नोकरीसाठी पक्षात गेले होते. शिक्षक म्हणून आम्हाला हे विशेष बोचतं. सरकार बदललं तरी दुसऱ्या दिवशी शाळा भरावीच लागते. तिकडे लाखो सैनिक बेकार झाले आणि अनेकांनी पुन्हा बंदूक उचलली.

कुणी जपानचं उदाहरण देईल. पण १९४५ च्या पराभवानंतरही तिथला सरकारी कारभार बहुतांशी शाबूत राहिला, आणि संसदेची ओळख तर १८९० पासूनची होती. पाया होता, म्हणून इमारत उभी राहिली.

जानेवारी २००५ मध्ये इराकी जनतेनं जीव मुठीत धरून मतदान केलं. बोटावरची ती जांभळी शाई खरी होती, हे नाकारून चालणार नाही. मात्र सत्तेची वाटणी शिया, सुन्नी, कुर्द अशी झाली. मतपेटी आली, पण नागरिक मागे पडला आणि जमात पुढे आली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच वाटणीविरुद्ध आणि भ्रष्टाचाराविरुद्ध तरुण बगदादच्या तहरीर चौकात उतरले. शेकडो मारले गेले. अखेर पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. या तरुणांना कोणत्याही परक्या फौजेनं पाठवलं नव्हतं.

म्हणून मुलांना आम्ही एवढंच सांगतो: परकी फौज तख्त उलथवू शकते. पण आपल्याशी न पटणाऱ्या शेजाऱ्याचंही मत मोजायचं, ही सवय घरात, शाळेत आणि मोहल्ल्यातच लागते.