फुकटच्या मच्छरदाणीची किंमत

‘फुकट दिलेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते’ हे वाक्य आपल्याकडे दवाखान्यापासून ग्रामसभेपर्यंत कुठेही ऐकू येते. सरकारी रुग्णालयातून नेलेल्या गोळ्या रुग्ण घेत नाही, कारण त्याला त्याचे पैसे पडलेले नसतात, असे ठामपणे सांगणारे डॉक्टरही थोडे नाहीत. गंमत म्हणजे ‘फुकट ते पौष्टिक’ असेही आपणच म्हणतो. दोन्ही वाक्ये बोलायला सोपी आहेत. पण त्यांतल्या एकावर विसंबून लाखो लोकांची आरोग्य योजना आखली जाते, तेव्हा ते खरे आहे का, हे कुणीतरी तपासायला हवे. आफ्रिकेत साधारण वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न उभा राहिला तो मच्छरदाणीच्या निमित्ताने.

कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी उपयोगी आहे, याबद्दल तेव्हा शंका उरलेली नव्हती. १९९० च्या दशकात गांबिया, घाना, केनिया, बुर्किना फासो या देशांत मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. अशा मच्छरदाण्यांमुळे लहान मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असे त्या सगळ्या एकत्र मांडल्यावर दिसले. हिवतापाचा डास बहुधा रात्री चावतो. दाणीवर बसला की कीटकनाशकाने मरतो, त्यामुळे आत झोपलेल्याचे रक्षण होतेच, पण गावात पुरेशा मच्छरदाण्या असतील तर शेजारच्या उघड्यावर झोपलेल्या मुलालाही थोडे संरक्षण मिळते. गोवराच्या लशीसारखाच हा प्रकार. म्हणूनच गावातल्या किती घरांत ती पोहोचते, याला महत्त्व.

वाद होता तो ती द्यायची कशी, याचा. अनेक देणगीदार संस्थांचे म्हणणे होते की थोडी तरी किंमत घ्यावी. पैसे मोजले की माणूस वस्तू वापरतो, ज्याला खरी गरज आहे तोच घेतो आणि योजनेला चार पैसेही मिळतात. अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टरली यांनी २००६ मध्ये हीच बाजू जोरात मांडली. फुकटच्या मच्छरदाण्या मासे पकडायला आणि नवरीच्या ओढणीला वापरल्या जातात, असे ते म्हणत. उलट जेफ्री सॅक्स यांचे म्हणणे होते की इतक्या गरीब लोकांकडून पैसे मागणे म्हणजे त्यांना मच्छरदाणी नाकारणेच. दोघेही विद्वान, दोघांकडेही दाखले भरपूर. अशी भांडणे परिषदांमधून वर्षानुवर्षे चालू शकतात आणि चालतातही.

जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम केनियातल्या २० प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांवर याची चाचणी घेतली. कोणत्या केंद्रावर काय भाव लावायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. काही ठिकाणी गरोदर बाईला मच्छरदाणी मोफत, काही ठिकाणी १०, २० किंवा ४० शिलिंगला. चार केंद्रे तुलनेसाठी बाजूला ठेवली. तेव्हा केनियात गरोदर बायकांना ती सवलतीत ५० शिलिंगला मिळत होती, म्हणजे चाचणीतला सर्वांत चढा भावही चालू भावापेक्षा कमीच होता.

१० आणि २० शिलिंगला मागणी थोडी घटली. ४० शिलिंगला मात्र ती कोसळली: मोफतच्या तुलनेत तब्बल ६० टक्के-अंशांनी. ४० शिलिंग म्हणजे तेव्हाचे सुमारे ६० अमेरिकी सेंट. तेवढ्यासाठी तपासणीला आलेली बाई रिकाम्या हाताने घरी परत जात होती, आणि तिच्या पोटात मूल होते. गरोदरपणातला हिवताप म्हणजे आईला रक्तक्षय आणि बाळाचे वजन कमी. हे ज्याने प्रसूतिकक्षात पाहिले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पण चाचणीचा खरा उपयोग पुढच्या प्रश्नाला झाला. फुकट मिळालेली मच्छरदाणी वापरली जात होती का? संशोधकांनी आगाऊ न सांगता घरोघरी जाऊन मच्छरदाणी टांगलेली आहे का, हे डोळ्यांनी पाहिले. फुकट घेणाऱ्यांचा वापर विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. बरे, पैसे देऊन घेणाऱ्या बायका तरी जास्त गरजू होत्या का? त्यांचे हिमोग्लोबिन तपासले गेले. त्या इतरांपेक्षा अधिक अशक्त नव्हत्या. म्हणजे किमतीमुळे गरजू निवडले जात नव्हते. ज्यांच्याकडे त्या दिवशी पैसे होते, त्या निवडल्या जात होत्या. फुकटची सवय लागल्यावर माणूस पुढे पैसे मोजत नाही, ही भीतीही द्युपास यांनी वेगळ्या अभ्यासात तपासली. पहिली मच्छरदाणी अगदी स्वस्तात मिळालेल्या कुटुंबांनी वर्षभराने दुसरी विकत घेण्याची तयारी उलट जास्त दाखवली. एकदा ती वापरून पाहिल्यावर तिचा गुण कळला होता, इतकेच.

त्याच सुमारास केनियातल्या चार जिल्ह्यांत प्रत्यक्षात काय घडले, त्याची नोंदही आहे. २००४ मध्ये विक्रीवर भर असताना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपणारी मुले जेमतेम ७ टक्के होती. दवाखान्यातून मोठ्या सवलतीत देणे सुरू झाल्यावर ती २४ टक्क्यांच्या आसपास गेली. २००६ च्या मोफत वाटपानंतर ६७ टक्के झाली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोफत किंवा भरपूर सवलतीच्या वाटपाच्या बाजूने भूमिका घेतली. ‘नेचर’ नियतकालिकात २०१५ साली आलेल्या अंदाजानुसार २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे ६६ कोटींहून अधिक रुग्ण टळले, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा मच्छरदाण्यांचा होता.

‘योजना राबवली, आजार कमी झाला, म्हणजे योजना यशस्वी’ एवढे पुरेसे का नाही, हे इथे सांगायला हवे. हिवताप पावसावर हलतो. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला तर मच्छरदाणी न वाटताही रुग्ण घटतील, आणि श्रेय मात्र योजनेला जाईल. औषधाच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केले आहे. ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली (तिचा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडले नव्हते. पाच रुपयांच्या गोळीकडून आपण जो पुरावा मागतो, तो शेकडो कोटींच्या योजनेकडून बऱ्याचदा मागत नाही. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले ते याच पद्धतीसाठी. त्यांपैकी बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आई मराठी.

बॅनर्जी आणि डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह राजस्थानात उदयपूरजवळच्या १३४ गावांत केलेला अभ्यास लसीकरण अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. काही गावांत ‘सेवा मंदिर’ या संस्थेने दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर घेतले. आणखी काही गावांत तसेच शिबिर, शिवाय प्रत्येक लशीमागे आईला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच. जिथे काहीच केले नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के, नुसत्या शिबिराने १८ टक्के, डाळीसह ३९ टक्के. डाळीचा खर्च धरूनही प्रत्येक पूर्ण लसीकरणाचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण परिचारिका दिवसभर बसणारच होती. फक्त तिच्यासमोर मुले जास्त आली. आई-बापांचा लशीला विरोध आहे, असा निष्कर्ष काढून मोकळे होणाऱ्यांना यात बरेच काही आहे. शेतातली मजुरी बुडवून आजच जायचे की पुढच्या महिन्यात, एवढ्यावरच बहुतेकांचे अडले होते.

महाराष्ट्राकडे या बाबतीत अभिमानाने दाखवण्यासारखे स्वतःचे काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवली. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायका बाळाचे वजन करत, जंतुसंसर्ग ओळखत, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच आधारावर उभा राहिला. तुलनेची गावे ठेवली नसती, तर ‘चांगली संस्था, चांगले काम’ यापलीकडे कुणी काही म्हणू शकले नसते.

निकाल नेहमी मनाजोगता येत नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत शौचालय मोहिमेची अशीच चाचणी झाली. मोहिमेच्या गावांत शौचालय असलेली घरे ९ वरून ६३ टक्क्यांवर गेली, मात्र मुलांमधला जुलाब तुलनेच्या गावांइतकाच राहिला. चालू स्थितीतली शौचालये त्याहून बरीच कमी होती, आणि असलेली सगळे जण वापरतही नव्हते. याचा अर्थ शौचालये निरुपयोगी, असा मुळीच नाही. बांधकामाची संख्या मोजून आरोग्य मोजले असे समजू नये, हे मात्र त्यातून कळते. हा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो गैरसोयीचा असला तरी छापला गेला, ही चांगलीच गोष्ट.

मच्छरदाण्यांची गोष्टही तिथे थांबलेली नाही. वर्षानुवर्षे एकाच गटातली, पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशके वापरल्याने आफ्रिकेतले डास त्यांना सरावले. टांझानियात मिसुंग्वी भागात नव्या प्रकारच्या मच्छरदाण्यांची चाचणी झाली. पायरेथ्रॉइडच्या जोडीला क्लोरफेनॅपिर असलेल्या मच्छरदाण्यांनी दोन वर्षांत मुलांमधला हिवताप जुन्या मच्छरदाण्यांच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी घटवला. क्लोरफेनॅपिर डासाच्या मज्जासंस्थेऐवजी पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते, म्हणून सरावलेला डासही मरतो. २०२२ मध्ये निकाल आला, २०२३ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. ही मच्छरदाणी जुन्यापेक्षा महाग आहे. तेव्हा ठरलेल्या निधीत जास्त घरांना जुनी द्यायची की कमी घरांना नवी, हा हिशेब आता प्रत्येक देशाला आपापल्या डासांची तपासणी करून मांडावा लागतो आहे.