परक्या बेटांना देहात थारा

रानबोरीवर उमराण जातीच्या बोराचा डोळा भरला की एकाच्या मुळांवर दुसऱ्याची गोड फळे धरतात, हे जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु प्राण्याच्या शरीरात असे कलम जुळत नाही, कारण त्याच्या रक्तात परक्याला हुडकून मारणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकाला चिकटणारी प्रथिने, अखंड फिरत असतात व झाडात तशी फिरती फौज नसते. डुकराच्या पेशी माणसात रुजवून मधुमेह हटवण्याचे जुने स्वप्न याच ठिकाणी अडलेले आहे.

स्वादुपिंडात विखुरलेले सूक्ष्म पेशीपुंज 1869 मध्ये पॉल लँगरहान्स याने प्रथम वर्णिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा या बेटांतील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते आणि मग जन्मभर सुई घ्यावी लागते. वैशाखात पारा 45 अंशांकडे झुकतो तेव्हा, फ्रिज नसलेल्या घरात, इन्सुलिनची कुपी ओल्या मातीच्या मडक्यात जपण्याचा व्यापही त्यात येतो. कॅनडातील एडमंटन येथे 2000 मध्ये सात रुग्णांची सुई मानवी बेटांच्या रोपणाने सुटली खरी, पण एका रुग्णाला एकाहून अधिक मृत दात्यांची बेटे लागली. डुकराकडे लक्ष वळले ते या टंचाईमुळे, शिवाय त्याचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा 51 अमिनो आम्लांपैकी एकाच आम्लाने वेगळे असल्यामुळे.

प्राण्याची ऊती वापरण्याचा प्रयत्न मात्र जुना आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे 1893 मध्ये एका मधुमेही मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले गेले आणि तीन दिवसांत तो दगावला. शरीर परके अवयव का नाकारते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आज कारणे थरांनी उलगडली आहेत. डुकराच्या पेशींच्या पृष्ठभागावर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते, ती माणसात नसते. पण आपल्या आतड्यातील जिवाणूंवर तीच शर्करा असल्याने तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात बालपणापासूनच तयार होतात आणि परक्या पेशीवर लगेच तुटून पडतात. बेटे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली तर रक्ताशी गाठ पडताच गुठळ्या व दाह होऊन त्यांतली बरीच नष्ट होतात, आणि जी तगतात त्यांचा माग पुढे टी-पेशी या प्रतिकारपेशी काढतात.

यावरचा एक उपाय बेटे लपवण्याचा आहे. लिम आणि सन या संशोधकांनी 1980 मध्ये सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या कुपिकांत बेटे कोंडली. त्यांची छिद्रे एवढी बारीक की साखर, प्राणवायू व इन्सुलिन ये-जा करतील, परंतु मारेकरी पेशी आत शिरणार नाहीत. महाराष्ट्राचा या शोधाशी संबंध येतो तो येथेच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात रमेश भोंडे, मकरंद रिसबुड आणि आनंदवर्धन हर्डीकर यांनी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसॅनमध्ये पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन मिसळून एक जलधारक जेल तयार केले आणि ते बेटांभोवती आडोसा म्हणून चालेल का, याची प्रयोगशाळेतील तपासणी 2000 मध्ये प्रसिद्ध केली. मारेकऱ्याला अडवणे हा या कामाचा अर्धाच भाग आहे. कोंडलेले बेट जगेल का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. बेटे स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतात, तरी त्याच्या रक्तपुरवठ्याचा मोठा वाटा ओढून घेतात. कुपिकेत रक्तवाहिनी शिरत नाही, बाहेरून तंतुमय ऊतींचा थर चढतो आणि आतले बेट गुदमरते. न्यूझीलंडमध्ये 1996 साली अशी कुपिकाबंद डुक्करबेटे मिळालेल्या एका रुग्णाच्या पोटात साडेनऊ वर्षांनंतरही काही जिवंत बेटे सापडली, मात्र त्यांचे इन्सुलिन अगदी नाममात्र होते.

दुसरा उपाय डुकरालाच बदलण्याचा. अल्फा-गॅल बनवणारे जनुक निकामी केलेली डुकरे 2002 पासून उपलब्ध झाली. डुकराच्या गुणसूत्रांत दडलेले विषाणू माणसाला बाधतील ही भीती होती, तर 2017 मध्ये ते विषाणूही जनुक-कात्रीने निष्क्रिय करण्यात आले. माकडांमध्ये डुकराची बेटे शंभराहून अधिक दिवस टिकल्याचे 2006 मध्येच दिसले होते, पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी जबर औषधे द्यावी लागली, आणि मधुमेही मुलाला सुईऐवजी जन्मभर अशी औषधे देणे हा सौदा फायद्याचा म्हणवत नाही.

त्यामुळे स्वीडनमधील उप्साला येथून 2025 मध्ये आलेले वृत्त महत्त्वाचे ठरते. तेथे बेटे मानवी दात्याचीच होती, पण ओळख पटवणाऱ्या खुणा काढून आणि ‘मला खाऊ नको’ असा संकेत देणारे सीडी47 हे प्रथिन वाढवून ती एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचली गेली. प्रतिकारदमनाचे एकही औषध न देता बदललेल्या पेशी बारा आठवड्यांनंतरही जिवंत होत्या, तर ज्यांत बदल नीट झाला नव्हता त्या शरीराने मारल्या. मात्रा मुद्दामच लहान ठेवलेली होती, त्यामुळे त्या रुग्णाची रोजची सुई सुटलेली नाही.