डिझेलचें तापमान आणि खोटी साक्ष

वांद्र्याच्या उड्डाणपुलावर डिझेलचा टेंपो चढतां चढतां दम टाकूं लागला, किंवा गरम इंजिन एकदां बंद केल्यावर पुनः लवकर सुरू होईना, कीं पहिला संशय पंपावर जातो. पंप महाग असतो. इंधनाचें तापमान मोजणारा सेन्सर पुष्कळदां त्या पंपावरच बसविलेला असतो, आणि म्हणून येथें निदान चुकलें तर टेंपोवाल्याची पुष्कळ दिवसांची कमाई व्यर्थ जाते.

इंजिनाला हें तापमान हवें कशाला? डिझेल तापलें म्हणजे फुगतें. तापमान ४० अंशांनीं वाढलें तर त्याचें आकारमान शेंकडा सुमारें ३ नें वाढतें. म्हणजे तेवढ्याच मापांत तेल कमी मावतें. इंजिनाचा संगणक हा हिशेब ठेवून फवारा कमीअधिक करतो, आणि तेल फारच तापल्याचें दिसलें तर पंपाच्या रक्षणार्थ इंजिनाची शक्ति आवरतो. साक्षच खोटी असली तर निवाडा खरा कोठून होणार?

हा साक्षीदार म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांचा एक लहानसा मणि. तो तापला कीं त्याचा विजेला होणारा विरोध घटतो. नेहमींच्या एका जातींत २० अंशांना हा विरोध सुमारें २,५०० ओहम, ६० अंशांना ६०० च्या आसपास आणि ८० अंशांना सव्वातीनशेंच्या जवळ असतो. तार तुटली तर विरोध अमर्याद होतो, आणि स्कॅनरच्या पडद्यावर उणें ४० सारखा आंकडा उमटतो. दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या तर डिझेल उकळत्या पाण्याहून कढत असल्याचें दिसतें.

वांद्र्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेंत नोंदलेला थंडीचा नीचांक ७.४ अंश आहे. तो २२ जानेवारी १९६२ चा. तेव्हां उणें ४० हा आंकडा खोटा, हें ओळखण्यास तज्ज्ञ नको. परंतु स्कॅनरनें पी ०१८३ हा संकेत दिला म्हणजे सेन्सरच मेला, असें मात्र नव्हे. मंडळाचा दाब अधिक आहे, एवढेंच तो सांगतो. अशा वेळीं कपलर काढून, आकृति पाहून, संगणकाकडून येणाऱ्या त्या दोन तारा क्षणभर जोडाव्या. आंकडा एकदम वर उसळला तर तारा व संगणक निर्दोष. दोष सेन्सरांत किंवा त्याच्या पिनांत. तो हलला नाहीं, तर सेन्सर बदलून कांहींच साधणार नाहीं. उलट आंकडा अति उष्ण असेल तर कपलर नुसता काढून तो खालीं येतो कीं नाहीं, तें पाहावें. चालू इंजिनाच्या तेलनळ्यांस मात्र हात लावूं नये. त्यांतला दाब हजार वातावरणांहूनहि अधिक असतो.

अवघड दोष तो, ज्याला संकेतच उमटत नाहीं. रात्रभर उभ्या गाडींत पहांटे इंधन, पाणी आणि हवा या तिघांचे सेन्सर जवळजवळ एकच आंकडा सांगतात. ही परीक्षा उत्तम खरी, पण अपुरी. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस माहीमची खाडी आणि वर चार महिन्यांचा पाऊस; कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढण्यास याहून काय हवें? त्या गंजानें २७० ओहमांची भर घातली, असें समजा. २० अंशांच्या पहांटे २,५०० त २७० मिळाले तर दोनतीन अंशांचाच फरक पडतो. तो कोणाच्या लक्षांत येणार? तेंच तेल ८० अंशांवर गेलें कीं सव्वातीनशेंचे जवळजवळ सहाशें होतात, आणि संगणकास तें ६० अंशांचें वाटतें. प्रत्यक्ष तेल पातळ व विरळ झालेलें. फवारा मात्र थंड तेलाच्या मापाचा. गाडी तापल्यावरच का अडते, याचें एक कारण असें पिनेएवढें असूं शकतें. म्हणून पहांटेचा मेळ बसल्यावर गाडी तासभर चालवून, इंजिन बंद करून, सेन्सरचा विरोध त्याच्या स्वतःच्या टोकांवर आणि पुनः संगणकाच्या बाजूनें, असा दोनदां मोजावा. दोन मापांत जें अंतर निघेल, तें तारेचें व कपलरचें, सेन्सरचें नव्हे.