तीन मिनिटांची तबकडी

एखादं गाणं किती वेळाचं असावं? चहाचं आधण ठेवताना रेडिओवर भावगीत सुरू झालं तर उकळी येईपर्यंत ते संपलेलं असतं. तीन, फार तर साडेतीन मिनिटं. आपल्या कानांना हे माप इतकं सवयीचं झालंय की गाणं म्हणजे एवढंच, असं वाटतं. पण हे माप कुठल्या पंडिताने किंवा कवीने ठरवलेलं नाही, बरं का! ते ठरवलं दहा इंची काळ्या तबकडीने. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मग राग असो की अभंग, नाटकातलं पद असो की पाळणा, सगळ्यांनी त्या जागेत अंग चोरून बसायचं.

हा विषय सुचायचं कारण अगदी घरगुती आहे. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पुनर्बांधणीला जायचा आहे आणि माळ्यावरून आजेसासूबाईंच्या रेकॉर्डींची लाकडी पेटी खाली आली आहे. ‘नवीन फ्लॅटमध्ये एवढं वजन कुठे ठेवणार? रविवारी जुन्या बाजारात देऊन टाकू,’ असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे सुनेला सांगावं लागत नाही! मी म्हटलं, आधी पेटीत काय आहे ते तरी पाहू. आणि पाहता पाहता या तबकड्या तयार कशा व्हायच्या, याचाच शोध सुरू झाला.

हिंदुस्थानातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ त्यासाठी जहाजाने आला होता. त्याच्यापुढे गायलेल्या गौहर जान हिने गाण्याच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने इंग्रजीत सांगितलं. पुष्कळांना तो तिचा तोरा वाटतो, पण कारण साधं होतं. तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायचं कसं? शेवटचं नाव ऐकून ते चिठ्ठी चिकटवणार!

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून किंवा पडद्यातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे आणि गाणाराने त्यात तोंड घालूनच गायचं. तान वर गेली की मागे सरायचं, खालच्या स्वराला पुन्हा पुढे यायचं. कर्ण्याच्या पलीकडे सुई मेणाच्या जाड थाळीवर रेघ कोरत असे. तंबोऱ्याचा नाद तिथवर धड पोचतच नसे, म्हणून जुन्या रेकॉर्डींत तो जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि चूक झाली, खोकला आला, तबलजी अडखळला, तर ती थाळी फुकट! खोडण्याची सोय नाही, जोडण्याची नाही. बरं, कसं झालं ते लगेच ऐकावं म्हटलं तर तेही नाही, कारण मेणावर सुई फिरवली की ते कोरलेलं बिघडायचं. तबकडी छापून आली की मगच आपला आवाज आपल्याला ऐकायला मिळायचा. आजकाल आपण फोनवर एकच फोटो दहा वेळा काढतो, त्यांना हे सांगून पटेल का?

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला आणि गाणाऱ्यांची मान कर्ण्यातून सुटली. हळुवार गाता येऊ लागलं. भावगीताचा जन्म मराठीत याच पुढच्या काळातला, हा मला काही केवळ योगायोग वाटत नाही. कुजबुजल्यासारखं गाणं कर्ण्याला कुठून ऐकू जाणार?

तबकडी कशाची, हे तर आपल्याला माहीतच हवं, कारण ती आपल्या बांगड्यांची सख्खी बहीण आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जी लाख करतात, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून हे काळं मिश्रण व्हायचं. लाख जगाला पुरवणारा मोठा देश आपलाच! कारखानेही मग इथे आले. कलकत्त्याला सियालदह भागात १९०८ मध्ये, पुढे १९२८ मध्ये डमडमला. मुंबईत वडाळ्याला ‘यंग इंडिया’ तबकड्यांचा कारखाना होता. तीसच्या दशकाच्या मध्यापासून जेमतेम वीस वर्षं ती देशी कंपनी चालली. कुत्र्याच्या चित्राच्या परदेशी कंपनीपुढे तिचा टिकाव कठीणच होता. पण मोठं नाव नसलेल्या कितीतरी गायक-गायिकांना तिने तबकडीवर आणलं.

आता बायकांविषयी. सुरुवातीला रेकॉर्डींवर गाणाऱ्या बहुतेकजणी पेशाने गाणाऱ्या होत्या, कारण घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत बाईने चारचौघांत गाणं हीच मोठी गोष्ट. घरात तबकडी मात्र लागायची! म्हणजे आवाज चालेल, ती बाई नको. हा दुटप्पीपणा ज्यांनी मोडला, त्यांत पुण्याच्या हिराबाई बडोदेकर पहिल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणं, नऊवारी नेसून शांतपणे बसून हातवारे न करता गाणं, हे सगळं त्यांनी रूढ केलं. त्यांच्या तबकड्या ज्या घरांत वाजल्या, तिथल्या मुलींना पेटी शिकायला बसवायला वडीलमाणसांची हरकत हळूहळू कमी होऊ लागली. हिराबाई आणि त्यांच्या धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे दोघी मिळूनही गायच्या. वडील अब्दुल करीम खाँ यांच्या शेवटच्या काही वर्षांतल्या तबकड्याही आमच्या पेटीत आहेत. भीमसेन जोशी लहान असताना खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून वेडावले आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही गोष्ट पुण्यात कुणाला माहीत नाही? तीन मिनिटांनी एवढं केलं!

गो. ना. जोशी यांचं नाव मात्र आपल्याला तितकंसं आठवत नाही, आणि ते मला खटकतं. हे मूळचे वकील. ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता त्यांनी गायली आणि भावगीताची लाट आली असं मानतात. १९३८ मध्ये ते एच.एम.व्ही. कंपनीत गेले आणि पुढची तीसेक वर्षं मुंबईत इतरांचं गाणं टिपत बसले. रुसलेल्या खाँसाहेबांना वळवायचं, कुणाला चार-चार वर्षं विनवायचं, स्टुडिओत आल्यावर त्यांची तबियत लागेपर्यंत वाट पाहायची! सतारी-तबल्यापेक्षा माणसं जुळवणं कठीण, हे आपण गृहिणी पुरतं जाणतो. १९६७ ची संतूर, बासरी आणि गिटारची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर खपलेली तबकडी त्यांच्याच देखरेखीखालची. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा तेव्हा तरुण होते.

भावगीतांनी पुण्याचे गणपतीही बदलले. गजाननराव वाटवे चौकाचौकांत गायचे आणि रस्ते माणसांनी भरून जायचे. कवी अनिलांचं ‘गगनि उगवला सायंतारा’ त्यांनी घराघरांत पोचवलं. सुधीर फडके १९४१ मध्ये एच.एम.व्ही.त लागले, नंतर प्रभातमध्ये आले. आणि माणिक दादरकर! पुण्याची ही मुलगी लग्नाआधी या नावाने गायची, लग्नानंतर माणिक वर्मा. जुन्या तबकडीवर एक नाव, नव्या तबकडीवर दुसरं, आवाज तोच. सासरी गेल्यावर गाणं सुटलं नाही, चार लेकी वाढवताना सुटलं नाही, १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या सासूबाई सगळ्या गायिकांत त्यांनाच का मानतात, हे मला त्या पेटीपाशी बसल्यावर कळलं.

झालं असं, की यादी करताना सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘अगं, आमच्या सासूबाईंनाही विचारलं होतं. कुठल्याशा कंपनीचा माणूस हळदीकुंकवाच्या गाण्यांना आला होता म्हणे. दोन गाणी म्हणा, मुंबईला नेतो-आणतो, सोबत कुणी या.’

‘मग, आई?’

‘मग काय? मामंजी म्हणाले, आपल्या घरचं नाव दुकानात टांगायचं नाही. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. रेकॉर्डी मात्र आणत राहिल्या. दर दिवाळीला एक.’

पेटीत साठेक तबकड्या आहेत. त्यांतल्या बहुतेक बायकांच्या आवाजातल्या आहेत, हे मी तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. आमच्या ह्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं. जुन्या बाजाराचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

तीन मिनिटांचं हे बंधन तुटलं ते अमेरिकेत. १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीने लाखेऐवजी प्लॅस्टिकची, सावकाश फिरणारी तबकडी काढली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली. तोवर टेपही आली होती, त्यामुळे चुकलेला भाग पुन्हा गाता येऊ लागला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांचा सरोद न्यूयॉर्कमध्ये अशाच मोठ्या तबकडीवर आला, सुरुवातीला येहुदी मेन्युहिन यांनी स्वतः दोन शब्द सांगितले. आपल्याकडे एल.पी. रुळायला पन्नासचं दशक संपत आलं. मग अमीर खाँ यांचा मारवा सावकाश उलगडू लागला, प्रभाताई अत्रे यांच्या मारूबिहाग आणि कलावतीला एकेक अख्खी बाजू मिळाली. पुण्याच्या आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेलं ‘गीतरामायण’ही त्या तीन मिनिटांत कधी मावलं नसतं. छप्पन्न गीतं, एकेकाला आठ-आठ, दहा-दहा कडवी! पहिलंच गीत हरवलं, तेव्हा सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात. पुढे फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात ते एल.पी.वर आलं, तेव्हा कुठे ते ‘घरात’ आलं.

पण त्या आखूड तबकडीला कमी लेखू नका. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत फार काटेकोर होत्या, रेडिओ त्यांना आवडत नसे. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात धाडली, त्यांबरोबर पृथ्वीवरच्या निवडक आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती मूळ रेकॉर्ड शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात जुन्या खोक्यात सापडली. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. पहिलं व्हॉयेजर २०१२ पासून सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर थोडं घरगुती सांगते. लाखेची रेकॉर्ड पडली की कपासारखी फुटते, तेव्हा ती काढताना खाली जाड सतरंजी पसरा. तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या आणि ताठ ठेवा, गॅलरीतल्या उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. बुरशी आली असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून रेघांच्या दिशेने गोल फिरवा आणि लगेच कोरडं करा. स्पिरिट, सेंट, काचेचा फवारा यांतलं काही लावू नका, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका, नाव तिथेच असतं. चावीच्या फोनोची पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची, दुसऱ्या गाण्याला नवी. एल.पी.च्या नाजूक सुईने ७८ ची रेकॉर्ड वाजवलीत तर सुईही जाईल.

विकायची किंवा द्यायचीच असेल तर आधी यादी करा. गाणाऱ्याचं नाव, दोन्ही गाणी, कंपनी, आणि कागदावरचा क्रमांक. जुन्या ध्वनिमुद्रिकांची आवड असलेल्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली, अशा संग्राहकांना यादी दाखवली तर काय मोलाचं आहे ते कळतं. ‘यंग इंडिया’सारखी बंद पडलेली कंपनी असेल तर विशेष जपा. आमच्याकडे तशा चार निघाल्या. त्यांतल्या एकीवर ज्या बाईंचं नाव आहे, त्या सासूबाईंना ठाऊक नाहीत, शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनाही नाहीत. गाणं पाळण्याचं आहे. फोनोची स्प्रिंग तुटलीय, ती दुरुस्तीला टाकलीय. तो आला की ऐकू.