जबड्याची विषम ठेवण

जबड्याची विषम ठेवण : वरच्या व खालच्या जबड्यांच्या वाढीत वा स्थितीत तफावत पडून दातांच्या दोन्ही ओळी नीट न जुळणे. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायम दाढांच्या परस्परसंबंधावरून दंतजुळणीचे तीन वर्ग केले. खालचा जबडा मागे राहिल्यास वरचे दात पुढे आलेले दिसतात. तो अधिक वाढल्यास हनुवटी पुढे येते. आनुवंशिकता, दीर्घकाळ अंगठा चोखणे व बालपणी जबड्याच्या सांध्यास झालेली इजा ही याची काही कारणे होत. यामुळे चावण्यास व उच्चारास अडचण येते.

उपचार वयावर अवलंबून असतात. वाढ चालू असताना तोंडात बसविलेली साधने जबड्याच्या वाढीस काही प्रमाणात वळण लावतात. वाढ थांबल्यावर तारांनी दात सरकविता येतात. हाडांतील मोठी तफावत मात्र शस्त्रक्रियेनेच दूर होते. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास तपासणी इष्ट ठरते. धाराशिवसारख्या ग्रामीण जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील (सुरुवात २०१३) शालेय तपासणी यासाठी उपयुक्त आहे. दोष आढळलेल्या मुलास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी वेळीच पाठविल्यास पुढील शस्त्रक्रिया काही वेळा टळते.