फळ्यावरून वहीत
(लेखमाला : वाढता मेंदू, भाग ६)

बारशाला आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावण्याआधी विचारते, "काय वजन भरलं?" मूल दीड किलोचं असेल तर आजी उत्तर टाळते, नजर लागेल म्हणून. वर्षभरात गाल भरतात, पोर चालू लागतं आणि दवाखान्याची फाइल कपाटात साड्यांखाली जाते. ती बाहेर काढायची खरी वेळ येते तिसरी-चौथीत. तोंडी सगळं सांगतो, पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही, बेरजेत हातचा भलत्याच घरात मांडतो, अशी तक्रार घेऊन शाळा बोलावते. पुढे एक शब्द ठरलेला : आळशी.

गेल्या आठवड्यात आपण काचेच्या पेटीतल्या दिवसांबद्दल बोललो. आज त्यानंतरची दहा-बारा वर्षं.

या वर्षांचा माग पुण्यातच काढला गेला आहे. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेली, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं घरी सोडल्यानंतर वर्षानुवर्षं तपासली. बाराव्या वर्षी अशी १८० मुलं आणि तुलनेला चांगल्या वजनाची ९० मुलं त्यांच्यासमोर होती. कमी वजनाच्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ८९.५ भरला, दुसऱ्या गटाचा ९७.२. फरक आहे, पण ८९.५ हा आकडाही सर्वसाधारण बुद्धीच्या कक्षेतच बसतो. शिवाय सरासरीच्या दोन्ही बाजूंना मुलं बरीच पांगलेली होती, म्हणजे शंभरी ओलांडणारीही त्यांत होती. जन्माचा काटा पाहून कुणाचं भविष्य सांगू नये, ते यासाठी.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्या आकड्याखालची नोंद. ही मुलं अडखळत होती डोळा आणि हात यांचा मेळ घालताना, वाचताना, लिहिताना आणि गणितात. फळ्यावरची ओळ वहीत उतरवणं आपल्याला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात नजर वर जाते, शब्द क्षणभर धरून ठेवते, खाली येऊन रेघ शोधते, मग बोटं चालतात. मेंदूच्या दूरदूरच्या भागांनी एकमेकांना वेळेवर निरोप द्यावा लागतो.

निरोप नेणाऱ्या या तारांची आखणी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जोरात चालते. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. वळ्या अजून पडत असतात. तारांवर पुढे वेष्टण चढवणाऱ्या पेशी त्या आधीच्या आठवड्यांत फार नाजूक असतात. रक्तपुरवठा कमी पडला, जंतुसंसर्ग झाला, तर फटका त्यांना आधी बसतो.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. 'सातमाशी' आणि 'बारीक' हे एक नव्हे. काही बाळं दिवस भरण्याआधी येतात, पण तेवढ्या दिवसांच्या मानाने अंगाने ठीक असतात. काही नऊ महिने पुरे करूनही पोटात नीट पोसली गेलेली नसतात. आपल्याकडे अशी खूप. या दुसऱ्या प्रकारात शरीर होईल तितकं रक्त मेंदूकडे वळवतं. पण ती राखणही पुरी पडत नाही. लवकरही आलेली आणि पोसलीही न गेलेली, अशी दुहेरी ओढगस्त असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक पुण्याच्या पाहणीत सगळ्यांत कमी होता : ८५.४.

मग करायचं काय? पहिली दोन वर्षं वय मोजताना आधी आलेले आठवडे वजा करायचे. दहा आठवडे लवकर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून अपेक्षा पावणेचार महिन्यांच्या बाळाची. (लसींच्या तारखा मात्र सहसा जन्मतारखेवरूनच मोजतात, यात घरोघरी घोळ होतो.) कान आणि डोळे वेळेवर तपासायचे. बाळाशी बोलायचं, खेळायचं.

याचा उपयोग होतो का, हे अमेरिकेत १९८०च्या दशकात आठ ठिकाणी ९८५ मुलांवर पाहिलं गेलं. घरभेटी आणि बालकेंद्र यांचा लाभ मिळालेल्यांत, दोन ते अडीच किलोच्या बाळांचा बुद्ध्यांक तिसऱ्या वर्षी सुमारे १३ गुणांनी सरस निघाला, त्याहून हलक्या बाळांचा सुमारे सातने. तिथे कार्यक्रम संपला. पाच वर्षांची होईतो हलक्या गटाची आघाडी विरून गेली होती. काही जण म्हणतात, पैसे वाया गेले. मला वाटतं, रोपाला तीन वर्षं पाणी घालून चौथ्या वर्षी थांबवलं, तर दोष पाण्याचा कसा?

आपल्याकडेही पाणी असंच अध्येमध्ये तुटतं. आशाताई नवजात बाळाच्या घरी येतात, अंगणवाडीत वजन होतं, आणि शाळेच्या दारात हा धागा संपतो. मी पाहिलेल्या एकाही प्रवेश अर्जात जन्मवजनाचा रकाना नव्हता. अध्ययन अक्षमतेचा दाखला असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, हे खरं. पण तोवर मुलाने सात-आठ वर्षं 'आळशी' ऐकलेलं असतं. तिसरीतल्या मुलाला पहिला बाक, चौकटींची वही, कमी उतारा आणि थोडी तोंडी परीक्षा एवढं द्यायला कुठलाही दाखला लागत नाही. वर्गशिक्षिकेला भेटायला जाताना ती साड्यांखालची फाइल मात्र बरोबर न्या.